एसजीपीटी ६२ आणि मामाजींचं वेगळं ताट

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई नमस्कार, आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातले. माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, वय ५६, आधी ट्रकवर होते. ३ महिन्यांपूर्वी कुष्ठरोग निघाला, १२ महिन्यांची एमडीटी (तीन औषधांचं पाकीट) चालू आहे. मागच्या महिन्यात चट्टे सुजले, कोपरापासून हात दुखायला लागला, डॉक्टर म्हणाले कुष्ठरोगाची रिॲक्शन आहे आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू केलं. मग ह्यांनी एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज केलं, सकाळी उपाशीपोटी. एसजीपीटी ६२, एसजीओटी ५८, बिलिरुबिन १.४ त्यात इनडायरेक्ट १.१, हिमोग्लोबिन १०.२, एकूण कोलेस्ट्रॉल १७२, ट्रायग्लिसराइड २३८, एचडीएल ३१. उपाशीपोटी शुगर १३८ आली पण एचबीएवनसी ५.२ आहे म्हणून तिकडचं टेन्शन नाही. ह्यांच्या आत्याबाई घरातच असतात, त्यांनी अंडी, मासे, दूध, वांगं, तूप सगळं बंद केलं, ताट-तांब्याही वेगळा. दीर बीएस्सीला आहे, त्याने वाचलं की हा जंतू चरबीवर जगतो, म्हणून आता भाजीला फोडणीपण नाही. मेडिकलवाल्याने लिव्हरचं सिरप दिलं. मामाजी काळे पडत चाललेत, शेजारी म्हणतात लिव्हर गेलं. गोळ्या थांबवू का? कोलेस्ट्रॉलची गोळी चालू करू का? जेवायला देऊ तरी काय? — एक सून. ता. क. ते लपून खर्रा खातात."

अगं, आधी सगळ्यात घाईचं सांगते, गोळ्या थांबवायच्या नाहीत. एमडीटीपण नाही आणि प्रेडनिसोलोन तर अजिबात नाही. प्रेडनिसोलोन अचानक बंद केलं तर शरीर कोलमडतं ते वेगळंच, पण कोपराजवळची जी नस सुजलीये तिला वेळेत आवरलं नाही तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकून बसतं आणि मग ते सरळ करायला ऑपरेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं. मी डॉक्टर नाही, आहारवाली आहे, कुष्ठरोगाच्या दवाखान्यात काही वर्षं डाएटचं काम केलंय, त्यामुळे गोळ्यांचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. पण रिपोर्ट कसा वाचायचा आणि ताटात काय वाढायचं हे मी सांगू शकते.

आता ज्या आकड्याने तुम्ही खूश झालात ना, एचबीएवनसी ५.२, मला नेमकी त्याचीच काळजी वाटतेय. बाकी सगळे आकडे नंतर. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशीला किती साखर चिकटली त्याचं माप, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून ३ महिन्यांची शुगर कळते असं आपण म्हणतो. पण मामाजींच्या पाकिटात रोजची पांढरी गोळी आहे ती डॅप्सोन, आणि डॅप्सोनने लाल पेशी लवकर फुटतात, मग अंगात नव्या पेशीच जास्त राहतात. काल बाजारातून आणलेलं पातेलं चुलीवर ठेवलं तर त्याला कितीशी काजळी लागणार? म्हणून डॅप्सोन चालू असताना एचबीएवनसी खोटं कमी येतं, चांगलं भरपूर कमी येऊ शकतं, आणि लॅबचं मशीन बिचारं त्यावर हिरवी खूण करून मोकळं होतं. उपाशीपोटी १३८ ही शुगर मात्र खरी आहे, १२६ च्या वर म्हणजे परत तपासायलाच हवी. त्यात प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की शुगर दुपारी-संध्याकाळी चढते, सकाळी उपाशीपोटी त्यातल्या त्यात बरी दिसते, म्हणजे सकाळीच १३८ तर दुपारी काय असेल विचार कर. या आठवड्यातच दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी शुगर करून घ्या, पीएचसीत होते, त्यासाठी पॅकेज लागत नाही. आणि डॉक्टरांना तोंडाने सांगा की डॅप्सोन चालू आहे, एचबीएवनसीवर जाऊ नका. सांगायला लाजू नकोस, गर्दीत कोणाच्याही नजरेतून सुटतं.

लिव्हर. एसजीपीटी आणि एसजीओटी या लिव्हरच्या तपासण्या. एसजीपीटी ६२ म्हणजे नॉर्मलच्या दीडपट, लॅब ४० च्या आसपास रेघ मारते. एवढ्याने लिव्हर 'जात' नाही. कुष्ठरोगाचा जंतू जास्त पसरलेला असेल तर लिव्हरमध्येपण त्याच्या छोट्या गाठी असू शकतात पण त्याने लिव्हरचं काम सहसा अडत नाही, या जंतूला मुळात थंड जागा आवडते, कातडी, कानाची पाळी, नाक, कोपराजवळची नस. गोळ्यांपैकी लिव्हरला त्रास देणारी म्हणून रिफॅम्पिसिनचं नाव निघतं, पण टीबीत ती रोज असते आणि इथे महिन्यातून एकदा ६०० मिलीग्रॅम, त्यामुळे धोका बराच कमी. बिलिरुबिन १.४ बघून घाबरलात, पण तूच लिहिलंयस त्यातलं १.१ इनडायरेक्ट आहे. लाल पेशी फुटल्या की हेच वाढतं, एसजीओटीपण थोडं वाढतं, आणि हिमोग्लोबिन १०.२ ला येतं. म्हणजे बघ, तिन्ही आकडे वेगवेगळ्या पानावर छापलेत पण बोट बऱ्यापैकी एकाच गोष्टीकडे दाखवतायत, डॅप्सोनकडे. थोडंफार हे बहुतेकांना होतं. किती चालवून घ्यायचं ते डॉक्टर हिमोग्लोबिन परत बघून ठरवतील, जीसिक्सपीडी नावाची एक तपासणीपण सांगतील कदाचित, कारण ते एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांना डॅप्सोन जोरात बाधतं.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. डॅप्सोन चालू केल्यावर बहुतेक ४ ते ६ आठवड्यांत, कधी थोडं मागेपुढे, काही जणांना ताप, अंगभर पुरळ, गळ्यात-काखेत गाठी आणि कावीळ असं एकदम येतं. मामाजी त्यातून पुढे आलेत तरी तसं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना, सकाळची वाट पाहायची नाही, आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे तर मुळीच नाही. कावीळ ओळखायची कशी ही पण यात गंमतच आहे, कारण अंगाचा रंग पाकिटातल्या तिसऱ्या औषधाने, क्लोफाझिमीनने, बदलतो, डोळ्याच्या पांढऱ्यावरपण तपकिरी झाक येऊ शकते, आणि रिफॅम्पिसिनच्या दिवशी लघवी लालभडक होते. तर हिशोब असा ठेव: महिन्याच्या डोसच्या दिवशी आणि फार तर दुसऱ्या दिवशी लघवी लाल, ते औषध आहे. मधल्या दिवसांतपण गर्द चहासारखी यायला लागली, जेवणावरची वासना उडाली, उलट्या, डोळे उन्हात बघितल्यावर पिवळे, तर ते औषधाचा रंग म्हणून सोडायचं नाही.

आणि शेजाऱ्यांना सांग, काळे पडले ते लिव्हरने नाही. तपकिरी रंगाची जी मऊ कॅप्सूल आहे ना तीच क्लोफाझिमीन, मुळात रंगासारखीच चीज आहे ती, चरबीत मुरते आणि कातडीतून दिसते. कोर्स संपल्यावर हळूहळू उतरतो रंग, कोणाला काही महिने कोणाला वर्ष-दीड वर्ष. कातडी कोरडी पडते, खवले येतात, त्यासाठी हात-पाय रोज २० मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचे आणि ओल्या अंगावरच तेल लावायचं, खोबरेल, तीळ, घरात असेल ते. (दिराने हेपण तेल बंद केलं असेल तर चालू कर.)

आता दिराचा मुद्दा. पोरगा चुकीचं वाचत नाहीये, अर्धवट वाचतोय. हा जंतू खरंच चरबीशी खेळतो. ज्या पेशीने त्याला गिळलं त्याच पेशीत तो तेलाचे थेंब साठवायला लावतो, सूक्ष्मदर्शकाखाली ती पेशी साबणाच्या फेसासारखी दिसते, फिरखो नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखतात तिला, आणि त्या चरबीच्या आडोशाला जंतू मजेत राहतो. पण ही चरबी पेशीच्या आतला कारभार आहे, तुझ्या कढईतल्या दोन चमचे तेलाशी तिचा थेट संबंध नाही. फोडणी बंद केल्याने जंतू उपाशी मरत नाही, मामाजी मरतात. उलट क्लोफाझिमीन जेवणाबरोबर, त्यातही थोडा स्निग्धांश असलेल्या जेवणाबरोबर घेतली तर अंगात नीट जाते आणि पोटपण कमी दुखतं. कोरड्या खिचडीवर घेतायत म्हणूनच पोट दुखतं अशी तक्रार असेल बघ.

रक्तातलं लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, हा वेगळा विषय. कुठलाही लांबलेला जंतुसंसर्ग, सूज, रिॲक्शन असली की एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, खाली येतं, एकूण कोलेस्ट्रॉलपण कमी दिसू शकतं. म्हणजे १७२ बघून छान म्हणायचं कारण नाही आणि एचडीएल ३१ बघून रडायचंही नाही. ट्रायग्लिसराइड २३८ मात्र प्रेडनिसोलोन, शुगर आणि ताट या तिघांची मिळून कामगिरी आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, तू लिहिलं नाहीस, पण या आकड्यांवरून काढलं तर ९३ च्या आसपास येतं, ते ठीक आहे. त्यामुळे आत्ताच्या आत्ता कोलेस्ट्रॉलची गोळी मेडिकलवरून आणून सुरू करू नका. स्टेरॉइडचा कोर्स संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी परत तपासा आणि तेव्हाचा आकडा घेऊन डॉक्टरांशी बोला. आधी हार्टचा त्रास झालाय किंवा शुगर पक्की निघाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर लवकरच गोळी देतील आणि द्यावीच.

ते लिव्हरचं सिरप. बाटलीवर काय काय लिहिलंय ते एकदा वाच. रिपोर्ट बघून माणूस घाबरला की बाटली विकली जाते, एवढंच आहे ते. त्यापेक्षा जास्त भीती मला काढ्यांची वाटते. कोविडच्या काळात गुळवेल रोज पिऊन लिव्हरला सूज आलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि 'नॅचरल आहे' म्हणून कोणी ते सांगतपण नाही डॉक्टरला. ३ औषधं आणि स्टेरॉइड चालू असताना पाचवं-सहावं काही नको. आणि दारू, तू लिहिलं नाहीस पण ट्रकवर होते म्हणून विचारते, असेल तर पूर्ण बंद, मोहाची असो की दुकानातली. ट्रायग्लिसराइड आणि लिव्हर दोन्हींसाठी एकाच कामाचा एवढा फायदा दुसऱ्या कशात नाही.

बरं, ताट. आत्याबाईंची यादी बघितली, अंडी मासे दूध वांगं तूप. यातलं एकही कुष्ठरोगाने बंद करावं लागत नाही. मासे खाऊन दूध प्यायलं की अंगावर डाग उठतात हे मीपण लहानपणी ऐकलंय, ते कोडाबद्दल म्हणायचे आणि तेही खरं नाही, पण आपल्याकडे कोड काय आणि कुष्ठ काय सगळं एकाच पोत्यात भरतात. आत्याबाईंना एकट्यालाच दोष नको, जोनाथन हचिन्सन म्हणून लंडनचा मोठा नावाजलेला सर्जन होता, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीलासुद्धा खराब माशांनी कुष्ठरोग होतो म्हणून अडून बसला होता, हिंदुस्थानात येऊन फिरूनपण गेला त्यासाठी. आणि जंतू तर नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्येच दाखवला होता. शिकलेल्या माणसाचा हट्ट म्हणजे...

मामाजींना आत्ता प्रथिनं पाहिजेत. स्टेरॉइडने स्नायू झिजतात, रक्त कमी आहे, पायाला कधी जखम झाली तर ती भरायलापण तेच लागणार. रोज १ अंडं, पिवळ्यासकट. आठवड्यातून दोनदा तलावातली रोहू नाहीतर कतला, रश्श्यात, तळून नको. तुरीचं वरण घट्ट, पळीने वाढायचं, भाताला नुसता रंग येईल एवढं नाही. एक वाटी दही किंवा दूध, हाडांसाठी, स्टेरॉइड हाडंपण खातं. पालेभाजी रोज, अंबाडी मिळाली तर अंबाडी, आणि वर लिंबू पिळ म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. जवसाची चटणी तर तुमच्याकडे घरोघरी असते, ती चांगली आहे, एक चमचा रोज खाऊ दे. तेल माणशी दिवसाला ४-५ छोटे चमचे, म्हणजे महिन्याला पाऊण लिटरच्या आत, एवढ्यात फोडणी आरामात होते.

कमी काय करायचं ते वेगळंच आहे आणि त्याकडे घरात कोणाचं लक्ष नसतं. अंडं बंद, पण दिवसाला ५ गोड चहा आणि त्यात बुडवून टोस्ट, असं चाललेलं असतं बऱ्याच घरी. साखर आणि मैदा ट्रायग्लिसराइड चढवतात, अंड्यापेक्षा कितीतरी जास्त. चहा दोनदा, बिनसाखरेचा जमत नसेल तर अर्धा चमचा. भाताचा डोंगर अर्धा कर आणि एका वेळी ज्वारीची भाकरी. पापड, लोणचं, फरसाण कमी, कारण स्टेरॉइडने बीपी चढतं आणि पाय सुजतात, पण म्हणून अळणी जेवण देऊ नकोस बाई, माणूस जेवायचाच नाही. प्रेडनिसोलोन सकाळी नाश्ता झाल्यावरच. त्याने भूक खवळते, रात्री अकराला डबे उघडल्याचा आवाज येईल तुला, तेव्हा हाताशी फुटाणे, ताक, काकडी असू दे, शंकरपाळे नको. शुगर पक्की निघाली तर गूळसुद्धा साखरच आहे हे लक्षात ठेव, 'रक्तासाठी गूळ' म्हणून कोणीतरी सांगेलच.

आता एक गोष्ट जी साध्या डाएटच्या कागदावर कधीच नसते. ट्रायग्लिसराइड वाढलं की जो तो सांगतो, रोज ५ किलोमीटर चाला. कुष्ठरोगाने ज्याच्या तळपायाला स्पर्श कळत नाही त्याने ५ किलोमीटर चालायचं? आमच्याकडे एक काका यायचे, त्यांना असंच कोणी सांगितलं, काका शिस्तीचे, रोज पहाटे चालायचे. एक दिवस त्यांच्या बायकोला फरशीवर पाऊल उमटलेलं दिसलं, रक्ताचं. चप्पल उलटी केली तर बाभळीचा काटा आरपार, तोंड आतल्या बाजूला वर आलेलं, किती दिवसांचा कोणास ठाऊक, काकांना पत्ता नाही. त्या जखमेला भरायला कित्येक महिने गेले आणि तेवढे महिने चालणं बंदच. तेव्हा मामाजींच्या पायाला स्पर्श कळतो का हे आधी तपासून घ्या, कळत नसेल तर मऊ रबराची एमसीआर चप्पल सरकारी दवाखान्यातून मिळते, ती घालूनच, थोडं थोडं, दिवसातून दोनदा १५ मिनिटं, आणि घरी आल्यावर पाय आणि चप्पल दोन्ही उजेडात बघायचं. पाय लाल किंवा गरम लागला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. बसल्या बसल्या करायचे व्यायामही असतात, सायकल चालवता येत असेल तर ती उत्तम.

आणि हात. भाजीचं पातेलं, चहाचा स्टीलचा ग्लास, तव्यावरची भाकरी. बधिर बोटांनी गरम वरण-भात कालवताना भाजतं आणि कळतसुद्धा नाही, फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. तू वाढताना ताट दोन मिनिटं थांबवून वाढ, चहा कान असलेल्या कपात दे, मोठा चमचा दे. वेगळं ताट करायचंच असेल तर ते एवढ्यासाठी कर.

बाकी वेगळ्या ताट-तांब्याचं आत्याबाईंना काय सांगायचं ते सांगते. हा रोग ताटावरून पसरत नाही, आणि रिफॅम्पिसिनच्या पहिल्याच डोसात जवळजवळ सगळे जंतू मरतात, मामाजींचे तर डोस झालेत ३. भीती असेल तर त्यावर खरं काम हे आहे की घरातल्या सगळ्यांची, मुलांचीपण, अंगावरचे चट्टे बघून तपासणी करून घ्या, आणि घरच्यांना रिफॅम्पिसिनचा एकच डोस देतात तो आशाताईंना विचारून घ्या. वरोरा तुमच्या जिल्ह्यातच आहे. बाबा आमट्यांच्या आनंदवनात बऱ्या झालेल्या माणसांनीच शेती केली, भाजीपाला पिकवला, गाईंचं दूध काढलं, आणि तालुक्याने ते खाल्लं. आत्याबाईंना विचार, त्यांनीपण कधीतरी खाल्लं असेल.

पुढच्या महिन्याच्या डोसला जाल तेव्हा ही लॅबची १२ पानं नेऊ नका, कोणी बघत नाही. एका कागदावर लिही: हिमोग्लोबिन, एसजीपीटी, बिलिरुबिन दोन्ही, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, बीपी, वजन. खाली प्रेडनिसोलोन कधी चालू झालं ती तारीख, आणि सिरपचं नाव, घेतलं असेल तर.

खर्रा राहिला. तंबाखू, सुपारी, चुना, रक्तवाहिन्यांचं वाटोळं, तोंडाचं तर आहेच, आणि एचडीएल ३१ वाल्याने तर लांबच राहावं. तू सुनेने सांगून ते ऐकणार नाहीत, नवऱ्याने सांगितलं तर भांडण. आत्याबाईंना बंद करायला काहीतरी पाहिजेच आहे ना, अंडं-मासे सोडवून घे आणि हे खातं त्यांच्याकडे दे, बहीण आहे ती, खिसे तपासेल.